सिंहाच्या तोंडाची कडी

माझ्या हातातली कडी पाहून बायका हमखास विचारतात, कुठून घेतली? मी सांगते, घेतली नाहीत, ती आधी चमचे होती. मग त्या हसतात. मला थट्टेची खोड आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी खरं बोलले तरी थट्टाच वाटते. तर एकदा लिहूनच टाकते.

आमचं घर घाटंजीला, नदीच्या बाजूच्या वस्तीत. गावाबाहेर कापसाचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता आणि त्याचा मॅनेजर गोरा साहेब होता. माझे बाबा त्याच्या बंगल्यावर बटलर. ज्या गावात आम्हाला कुणाच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती, त्या गावातला सर्वांत मोठा माणूस माझ्या बाबांच्या हातचं जेवत होता. बाबा हे कुणाला बोलून दाखवत नसत. मी दाखवायची, आणि मग शाळेतून भांडण घेऊन घरी यायची.

साहेबाच्या टेबलावर त्याच्या आजीच्या काळचे चांदीचे काटे-चमचे असत. प्रत्येकाच्या दांड्याच्या टोकाला सिंहाचं तोंड होतं, आयाळीसकट, बोट फिरवलं तर केस लागावेत इतकं उठावाचं. बाबा दर आठवड्याला ते खडूच्या भुकटीनं घासत. देश स्वतंत्र झाला, साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं खुर्च्या-टेबलं विकली, कुत्रा कुणाला देऊन टाकला, आणि संचातले हरवून-मोडून उरलेले काटे-चमचे बाबांच्या हातात ठेवले. मुलीच्या लग्नात मोडून दागिने कर, म्हणाला. नंतर आलेला मॅनेजर आपल्या देशातला होता, हातानं जेवणारा. त्याला बटलर नको होता, म्हणून बाबा कारखान्याच्या फाटकावर चौकीदार झाले.

चमचे धान्याच्या कोठीमागे पत्र्याच्या डब्यात राहिले. मी लहानपणी एकदा त्यातला एक काढून वरणात बुडवला तर मायनं पाठीत असा धपाटा घातला की वरण नाकात गेलं. ते जेवायचे नव्हते, माझ्या लग्नाचे होते. मी दागिन्यांची मालकीण आहे हे मला जेवता जेवता असं कळलं.

पुढे छप्पन साल आलं. माय आणि बाबा नागपूरला दीक्षेला गेले. जाताना माय काठाची साडी नेसून गेली आणि येताना पांढरी नेसून आली. आल्यावर वस्तीनं ठरवलं की घराघरातले देव काढायचे आणि वाघाडी नदीच्या डोहात सोडायचे. बाकीच्यांनी देव्हाऱ्यातले टाक उचलले, भिंतीवरची चित्रं काढली, झालं. माझ्या मायचा स्वभाव तसा नव्हता. तिला काम अर्धं सोडणं माहीत नाही. चूल सारवायची तर ती चुलीमागची भिंतही सारवणार. तिनं देव काढले, आणि मग देवांचा गोतावळा शोधायला लागली.

मोराची समई गेली, कारण मोर कुण्या देवाचं वाहन. पितळी नागाची डबी गेली. बाबा बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, घरात उंदीर लय झाले, तेही गणपतीचे, त्यांनाही एकदा पोचवून ये. आणि शेजारच्यांची म्हैस यमाच्या घरची, तिचं काय करतेस? बाबा हसत हसत फाटकावर ड्यूटीला गेले, आणि ते गेल्यावर मायनं कोठीमागचा डबा काढला.

सिंह देवीचं वाहन. आमच्या देव्हाऱ्यात देवीचा टाक होता, त्यावर तो सिंह होताच. मायनं चमच्यांवरची तोंडं पाहिली आणि तिच्या मनानं हिशेब पुरा केला. चमचे चांदीचे आहेत, आपल्या पोरीच्या लग्नाचे आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनच तिनं ते टाकांच्या गाठोड्यात बांधले आणि डोहात सोडले. मला वाटतं, त्या दिवशी साऱ्या वस्तीत खरी किंमत मोजून देव सोडणारी ती एकटीच असेल. पण तिनं हे कुणाला सांगितलं नाही, कारण बाबा अडवतील ही तिला भीती.

ज्यांनी आम्हाला दीक्षा दिली ते त्याच हिवाळ्यात गेले. त्या दिवसांबद्दल मी इथे लिहीत नाही. वस्तीत कितीतरी दिवस कुणी कुणाच्या लग्नाचा विषय काढला नाही.

पौषानंतर मात्र पुसदकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, शाळेत लागलेला, आणि लग्न नव्या रीतीनं, बुद्धाच्या फोटोसमोर करायचं असं त्यांनीच सांगितलं. मी दारामागून ऐकत होते आणि मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते. पाहुणे गेल्यावर बाबांनी मोठ्या उत्साहानं कोठीमागे हात घातला.

डबा रिकामा. मायनं सरळ सांगितलं की सिंह देवीचा होता, म्हणून सोडला.

बाबांनी डबा उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "तो साहेबाच्या घराण्याचा छाप होता वो. देवीचा त्याच्याशी काय संबंध?"

मी बाबा ओरडतील म्हणून वाट पाहत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते न जेवता ड्यूटीवर गेले आणि माय चुलीपुढे बसून राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही. मी ती उलटायला गेले तेव्हा तिनं मला तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्याआधी कधी सांगितली नव्हती.

आमच्यात तेव्हा बहुतेक नवऱ्या मागून आणलेल्या दागिन्यांनी नटत. कुणाचे गोट, कुणाची सरी, कुणाच्या तोरड्या. लग्नापुरत्या आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्या त्याला परत. मायच्याही अंगावर असेच होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दागिन्यांचा मालक अंगणात येऊन उभा राहिला आणि सासूनं सगळ्या पाहुण्यांदेखत तिच्या अंगावरून एकेक उतरवून घेतलं. वाईट कुणी बोललं नाही, ती रीतच होती. पण गोट निघेना म्हणून सासूनं मनगटाला तेल चोळलं, आणि बायका हसल्या. "मी तवाच ठरवलं होतं," माय म्हणाली, "माह्या पोरीच्या हातचं कोणी काढणार नाही. अन् मीच फेकून आली."

ती रडली. मायला रडताना पाहणं मला अजिबात जमत नसे, म्हणून मी तिच्यावरच चिडले आणि मला नकोत दागिने असं म्हणाले. ते खोटं होतं. मला हवे होते, आणि फार हवे होते.

आत्यानं तिचे गोट लग्नापुरते देऊ केले. मायनं हात जोडून नको म्हटलं.

उन्हाळा लागला, नदी आटत आली. त्या दिवसांत आमच्याकडे बायका नदीच्या वाळूत झिरे खणतात. हातभर खड्डा केला की खाली पाणी पाझरतं, ते करवंटीनं भरायचं. माय रोज सकाळी घागर घेऊन जायची, पण सगळ्यांच्या झिऱ्यापासून दूर, डोह जिथे आटत मागे सरकला होता तिथे खणायची. तिथलं पाणी गढूळ. शेजारणी म्हणायच्या, पोरीच्या लग्नाच्या काळजीनं बाईचं डोकं फिरलं. माय एक जागा खणायची, बुजवायची, दुसऱ्या दिवशी थोडी पुढची खणायची. घरी मात्र अर्धी घागर यायची आणि बाबा काही विचारायचे नाहीत. ते सगळं समजून होते. एका रविवारी कुदळीला नवा दांडा बसवलेला दिसला, तो त्यांनीच बसवला होता.

चैत्र सरत आला तेव्हा मी तिच्यासोबत होते. करवंटीत वाळूबरोबर काहीतरी काळं आलं. माय ते फेकणार होती, मी तिचा हात धरला. चहाचा चमचा होता, कोळशासारखा काळा पडलेला, पण टोकाला तोंड तसंच. मग आम्ही दोघी कुत्र्यांनी उकरावं तशी वाळू उकरली. गाठोड्याचं कापड कुजून गेलं होतं, पण चमचे-काटे एकमेकांत अडकून एकाच जागी होते.

आणि त्यांच्यासोबत देवही होते. टाक तेवढेच काळे, तेवढेच वाळूत भरलेले. मायनं ते ओंजळीत घेतले. पदरानं एकेकावरची वाळू पुसली. मला भीती वाटली की ती त्यांना घरी नेते की काय. पण ती उठली, डोहात अजून कमरेएवढं पाणी होतं तिथवर गेली आणि हलकेच सोडून आली. सोडताना "जा बाप्पा आता," म्हणाली. हे मी बाबांना सांगितलं नाही. एवढी वर्षं ज्यांना नैवेद्य दाखवला त्यांना निरोप द्यायचा तर माणूस दुसरं काय म्हणणार?

बाबांनी चमचे परत खडूनं घासले. घासताना ते शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना पहिल्यांदाच ऐकलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं सोनाराकडे गेलो. 'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण मायनं वाटेतच म्हणून दाखवली, म्हणजे आम्ही सावध राहावं. पूर्वी आम्ही दुकानाच्या पायरीखाली उभे राहून बोलायचो. त्या दिवशी बाबा सरळ वर चढले आणि चटईवर बसले. सोनारानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि मग आपली पेटी थोडी सरकवून जागा करून दिली. माणूस म्हातारा होता, घाबरटही होता, पण वाईट नव्हता.

त्यानं कानशीनं प्रत्येकावर बारीक रेघ ओढली आणि तेजाबाचा थेंब सोडला. चमचे खरे निघाले. काट्यांवर मात्र हिरवा फेस आला. वर चांदीचं पाणी, आत भलतंच. बाबांचा चेहरा असा पडला की जणू ते काटे त्यांनीच घडवले होते. इतकी वर्षं त्यांनी ते चमच्यांइतक्याच मायेनं घासले होते. साहेबानं फसवलं, असं माय म्हणाली. बाबा म्हणाले, साहेबालाही कुठे माहीत असणार, तोही बिचारा त्यानंच जेवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही खोटं नाही. काटे आम्ही घरी परत आणले आणि माझ्या धाकट्या भावानं पुढे कितीतरी वर्षं त्यांनी बोरं टोचून खाल्ली.

सोनार म्हणाला, हातापायातलं होईल, गळ्यातल्या सरीला चांदी कमी पडेल. घरात जुने टाक असतील तर आणा, आजकाल तुमच्या वस्तीतले लोक मोडतायत. बाबांनी मायकडे पाहिलं.

"त्यायले दोनदा पाण्यात सोडलं," माय म्हणाली. "आता पोरीच्या गळ्यात नोको."

मग ठरलं, जेवढं होईल तेवढंच. सोनार सगळं मुशीत आटवायला निघाला, कारण चांदी आटवून गोट घडवायचे एवढंच त्याला माहीत. बाबांनी आटवू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, आटवून केलेले गोट सगळ्यांच्या गोटांसारखे दिसतील आणि बघणारा म्हणेल की कुणाचे तरी आणले. चमच्याचाच दागिना कर, म्हणजे तालुक्यात जोडा सापडणार नाही. सोनारानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, माझ्या बापजाद्यांनी असलं काम केलं नाही. पण चमचा हातात घेऊन तो उलटसुलट करत राहिला, तेव्हाच मी ओळखलं की त्याला मोह झाला आहे.

दोन मोठे वाढायचे चमचे त्यानं निखाऱ्यात लाल होईस्तोवर तापवले, पाण्यात बुडवले, ऐरणीवर ठोकले, परत तापवले. चांदी ठोकली की कडक होते आणि तापवली की पुन्हा मऊ होते, हे मी तेव्हा शिकले. चमच्याचा खोलगट भाग ठोकून ठोकून पट्टीत मिसळला, आणि मग लाकडी गोल दांड्यावर पट्टी वाकवत त्यानं एकेक कडं केलं. सिंहाचं तोंड एका टोकाला तसंच राहिलं. चहाच्या चमच्यांच्या वाट्या कापून, चपट्या करून त्यानं त्यांची पिंपळपानं केली आणि पटव्याकडून दोऱ्यात गाठवायला सांगितली. उरलेल्या दांड्यांची पायातली जोडवी झाली. माय दिवसभर त्याच्यासमोर बसून होती. आपल्या चांदीवरून नजर काढायची नाही ही आमच्याकडची पद्धत. पाणी प्यायलाही ती उठली नाही आणि मलाही उठू दिलं नाही. सोनारालाही त्याचं काही वाटलं नाही, सगळी गिऱ्हाइकं असंच करतात.

सगळं होत आल्यावर मायनं हळूच सुचवलं, तोंडं तेवढी ठोकून सपाट करा. तिच्या मनातून देवीचा सिंह अजून गेला नव्हता. सोनाराची हातोडी हवेतच थांबली. बाबांनी खिशातून नोट काढली आणि तिच्यापुढे धरली. त्यावरचे सिंह दाखवून म्हणाले, हे बुद्धाच्या धम्मातल्या एका राजाचे आहेत, सरकारनं उगाच नाही ठेवले.

मायनं नोट जवळ घेतली, लांब धरली, कड्यावरच्या तोंडाशी ताडून पाहिली. "मंग हा आपलाच होय?" तिनं विचारलं.

"होय न्," बाबा म्हणाले.

अशा रीतीनं आमच्यासोबत सिंहानंही दीक्षा घेतली.

लग्न वैशाखात झालं. वस्तीतलं नव्या रीतीचं ते पहिलंच लग्न, त्यामुळे कशानंतर काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. लग्न लावणारे गृहस्थ पुस्तिकेची पानं पुढेमागे करत होते. वाजंत्री चुकीच्या वेळी वाजवू लागले आणि त्यांना गप्प करायला माझा भाऊ धावला. मी पांढऱ्या साडीत, हातात कडी, गळ्यात पिंपळपानं, पायात जोडवी. नवऱ्या मुलीनं मान खाली घालावी असा नियम होता, तो माझ्या फार कामी आला, कारण मान खाली घातली की कडी दिसत होती. मी आनंदात होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. माय गर्दीत इकडून तिकडे फिरत होती आणि दर वेळी माझ्याजवळून जाताना माझ्या मनगटाला उगाच हात लावून जात होती.

आम्ही बसनं पुसदला आणि तिथून बैलगाडीनं सासरच्या गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते. सासूबाई आत आल्या. त्यांच्या हातात एक धुतलेलं फडकं होतं. बाहेर अंगणात दोन-तीन बायका बसलेल्या दिसत होत्या. सासूबाई तशा मोकळ्या स्वभावाच्या, पण त्या वेळी त्यांचा आवाज फार हळू होता.

"पोरी, दागिने काढून दे. आज तुह्या गावाकडं बस जाते. ज्याचे त्याले पोचले म्हंजे बरं असते."

मी म्हणाले, "कोणाले पोचवता आत्याबाई? माह्येच आहेत."

त्यांना वाटलं, मी लाजेनं बोलते आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि माझ्या बाबांनी दिलेत, असंही सांगितलं. मग त्या खाली बसल्या. माझा हात त्यांनी मांडीवर घेतला, कडं फिरवून पाहिलं, सिंहाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. त्यांच्या मनगटांवर हिरव्या बांगड्यांखेरीज काही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी हातातल्या त्याच फडक्यानं पुसलं.

बाहेरून एकीनं विचारलं, निघाले का सगळे?

"नाही निघत ते," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "तिचेच हायेत."

मग त्या उठल्या, कोपऱ्यातली मोठी घागर त्यांनी स्वतः घेतली आणि लहान माझ्या हातात दिली. विहिरीवर जायचं तर कडी काढून ठेवावीत, घागरीला घासतील, म्हणून मी ती काढायला लागले.

"घालूनच चल," त्या म्हणाल्या.

विहीर घरामागेच होती. आम्ही गावातून फिरून गेलो.